यवनाचा भोजनमंडप

मंडळी, गेल्या वेळचा लेख लिहून बरेच महिने झाले. मध्यंतरी आम्ही दोघं मुलाकडे मेलबर्नला होतो. तिकडे लिहायला वेळ भरपूर होता, पण विषय सुचत नव्हता. सुचला तो एका ग्रीक खानावळीत, आणि तोही जेवण संपत आल्यावर.

खानावळ हा शब्द मुद्दाम वापरते आहे. रेस्टॉरंट म्हटलं की पांढरे टेबलक्लॉथ आणि दबकं बोलणं डोळ्यांपुढे येतं. इथे कागद अंथरलेली टेबलं होती, बाकांसारख्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर जुन्या बोटीचा फोटो. मुलगा क्लेटनला राहतो. तिथून रेल्वेने दोन स्टेशनं गेलं की ओकली लागतं. ओकली म्हणजे मेलबर्नमधली ग्रीक वस्ती. चौकातल्या दुकानांवर ग्रीक पाट्या, आणि म्हातारी माणसं एक कॉफी घेऊन दोन-दोन तास बसलेली. आपल्याकडे पारावर बसतात तशीच.

आमचा पाच जणांचा कंपू होता. रोज सकाळी बागेत फिरायला जाताना ओळखी झालेल्या. आम्ही दोघं, सोलापूरच्या वहिनी आणि त्यांचे यजमान, आणि उल्हासनगरचे दादा. दादा सिंधी, पण मराठी इतकं स्वच्छ बोलतात की पहिले आठ दिवस मला कळलंच नव्हतं. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, म्हणून एका गुरुवारी दुपारी आम्हीच ठरवलं की आज बाहेर जेवू.

गुरुवार म्हणजे वहिनींचा सामिष वर्ज्य. त्यांना काळजी, की आपल्याला काय मिळणार? पण मिळालं बरंच. पालक घातलेली खुसखुशीत पापुद्र्यांची स्पानाकोपिता आली. झात्झिकी आली, म्हणजे घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर, फक्त लसूण जास्त. मग 'फावा' नावाचा पिवळा डाळीचा गोळा आला, वर कच्चा कांदा आणि लिंबू. वहिनींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर घट्ट वरण! फोडणी द्यायची विसरले."

शेवटी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळलेले छोटे वळकटीसारखे दोलमादे आले. वाढणाऱ्या मुलीने सांगितलं, "हे यालांजी आहेत, यांत मांस नाही." मागाहून कळलं की यालांजी हा मूळ तुर्की शब्द, अर्थ 'खोटारडा'. खिमा असला तर खरा दोलमा, नुसता भात असला तर खोटा. पदार्थ ग्रीकांचा, नाव तुर्कांचं. झात्झिकीचंही तसंच, तुर्कीत ती 'जाजिक'.

मी इतिहासाची शिक्षिका. जेवताना गप्प बसणं जमत नाही. सॅलडमधला टोमॅटो उचलून मी सांगून टाकलं, की हा सॉक्रेटिसने कधी पाहिला नव्हता, कारण तो अमेरिकेतून आला. जशी ज्ञानेश्वरांच्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे "झालं, तास सुरू झाला" असं म्हणून घेतलं.

तेवढ्यात गल्ल्याजवळ बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आमच्याकडे आले. मालकाचे वडील. सगळे त्यांना 'बार्बा' म्हणत होते, म्हणजे आपल्याकडचं 'काका'. वय एकोणऐंशी. विचारलं, "इंडियन? कुठले?" मी म्हटलं, मुंबईजवळचे. आणि मग मला राहवेना. माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं, की तुमची-आमची ओळख आजची नाही, दोन हजार वर्षांची आहे.

ते काय सांगितलं ते इथे नीट लिहिते. कार्ल्याच्या चैत्यगृहात ओळीने जे खांब आहेत, त्यांतले कित्येक धेनुकाकट गावच्या यवनांनी दान केलेले आहेत, आणि तसं त्या खांबांवर कोरलेलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडच्या योनकाचा लेख आहे. त्याच्या वडिलांचं नाव धर्मदेव. योनक असले तरी नावं अगदी इथली. आणि शिवनेरीच्या परिसरात, जुन्नरच्या लेण्यांत, चित नावाच्या एका यवनाचा छोटासा लेख आहे. त्याने बौद्ध संघाला काय दिलं? मूर्ती नाही, खांब नाही. भोजनमंडप दिला. भिक्षूंनी एकत्र बसून जेवायची जागा.

सातवाहनांच्या काळी कल्याण, सोपारा या बंदरांतून व्यापार चाले, आणि माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. त्या वाटेवर वसलेल्या कुणा परदेशी माणसाला वाटलं, की इथल्या लोकांना जेवायला जागा करून द्यावी. हे सारे यवन रक्ताने ग्रीकच होते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण पुढे हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लावू लागले. पण शब्दाचं मूळ ग्रीकच. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रांत होता. इराण्यांनी तिथल्या लोकांना 'यौन' म्हटलं, आपण 'यवन'. तुर्क लोक ग्रीसला आजही 'युनानिस्तान' म्हणतात, आणि हकिमांचं युनानी औषध तेही त्याच शब्दाचं.

बार्बांनी सगळं ऐकलं. भोजनमंडपाचं ऐकून त्यांनी मुलाला हाक मारली आणि त्याला ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं. मुलगा हसला. मग खुर्ची ओढून बार्बा आमच्यातच बसले आणि म्हणाले, "आयोनिया. आता तिथे ग्रीक राहत नाहीत. माहीत आहे?"

मला माहीत होतं. म्हणजे पुस्तकातलं माहीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लढाई झाली, ग्रीस हरला. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, जळालं. धक्क्यावर लाखो माणसं बोटींची वाट बघत उभी होती. मग ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानला करार झाला तो लोकसंख्येच्या अदलाबदलीचा. तुर्कस्तानातल्या ख्रिश्चनांनी ग्रीसमध्ये जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. इस्तंबूलसारखे थोडे अपवाद सोडले तर कुणाला विचारायचंही नाही. सुमारे १२ लाख माणसं ग्रीसमध्ये आली, त्यांतली बरीचशी करारापूर्वीच पळून आलेली. साडेतीन-चार लाख माणसं उलट दिशेला गेली. ग्रीसची तेव्हाची लोकसंख्या जेमतेम पन्नास-पंचावन्न लाख होती. अथेन्सच्या भोवती निर्वासितांच्या वसाहती उठल्या, त्यांची नावं 'नवी स्मर्ना', 'नवी आयोनिया'. ती आजही आहेत.

यातली मेख अशी, की माणूस ग्रीक की तुर्क हे त्याच्या भाषेवरून ठरवलं नाही, धर्मावरून ठरवलं. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्क म्हणून धाडलं. आणि अनातोलियाच्या आत, कापादोकिया भागात, पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलणारे ख्रिश्चन होते. त्यांना ग्रीक म्हणून धाडलं.

बार्बांची आजी त्या कापादोकियाची. १९२४ मध्ये मर्सिन बंदरातून बोटीने ग्रीसला आली. तिला ग्रीकचा एक शब्द येत नव्हता. उत्तर ग्रीसमधल्या ज्या गावात सरकारने जमीन दिली, तिथली मुलं तिला 'तुर्काचं बी' म्हणून चिडवायची. तुर्कस्तानातून ग्रीक म्हणून हाकललं आणि ग्रीसमध्ये तुर्क म्हणून हिणवलं. म्हणून तिने काय केलं, तर मुलांशी तुर्की बोलणं बंद केलं. मोडकंतोडकं ग्रीक शिकली आणि तेवढंच बोलत राहिली. एकटी असली की स्वतःशी तुर्कीत पुटपुटायची.

दादा तोवर गप्प होते. खरं तर आमच्यात सगळ्यात बोलके तेच. त्यांनी चमचा खाली ठेवला होता.

बार्बा आत गेले आणि एक जुनं पुस्तक घेऊन आले. आजीची प्रार्थनेची पोथी, पुठ्ठा सुटलेली. अक्षरं ग्रीक आणि भाषा तुर्की. त्या लोकांना करामानली म्हणत, आणि त्यांची अशी शेकडो पुस्तकं छापली गेली. बार्बांनी एक ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, "मी पानभर वाचू शकतो. कळत एक शब्द नाही."

तेव्हा दादा बोलले. म्हणाले, "माझं नेमकं उलटं आहे."

दादांचा जन्म १९४६ चा, सिंधमधल्या शिकारपूरचा. १९४८ मध्ये कराचीहून बोटीने आईच्या मांडीवर बसून मुंबईला आले. कल्याणजवळ लढाईच्या काळात लष्कराची छावणी होती, तिच्या बराकींत निर्वासितांना ठेवलं. जवळपास लाखभर माणसं. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे शहराची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव पडलं. पण लोक अजून 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. दादांच्या वडिलांची एक वही आहे. तिचे फोटो दादा फोनमध्ये घेऊन फिरतात. सिंधी भाषा, अरबी वळणाची लिपी. दादांना सिंधी उत्तम येतं, पण शाळेत देवनागरी शिकले. फाळणीनंतर इकडे सिंधी कोणत्या लिपीत लिहावं यावर वाद चालला, तोवर त्यांची शाळा संपूनही गेली. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, तेव्हा दादा नोकरीला लागले होते. वडील गेले, वही राहिली. "कुणी वाचून दाखवली तर मला सगळी कळेल," दादा म्हणाले. "मला वाचता येत नाही." फोनवरच्या भाषांतराच्या सोयी मुलाने करून पाहिल्या. त्या घाईच्या हस्ताक्षरापुढे चालल्या नाहीत.

एकाला वाचता येतं पण कळत नाही, दुसऱ्याला कळतं पण वाचता येत नाही. मी दोघांकडे बघत बसले.

आणि मंडळी, आता मला माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली गोष्ट १९७८-७९ ची. मी कल्याणच्या बाजूच्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवत होते. वर्गात एक सिंधी मुलगा होता. हुशार, पण मराठी अडखळत बोले, आणि मधल्या सुट्टीत भावाशी सिंधीत बोले. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "घरी त्याच्याशी मराठीतच बोलत जा, म्हणजे सुधारेल." आई मान हलवून गेली. मुलगा सुधारला. दहावीला मराठीत चांगले गुण मिळाले. मला त्याचा फार अभिमान होता, कितीतरी वर्षं मी ती गोष्ट नव्या शिक्षिकांना सांगत असे. त्या घरात काय बंद झालं असेल हे मला कधी सुचलं नाही. त्याच वर्गात मी 'यवन' म्हणजे मुसलमान असंही शिकवत होते, कारण बखरींत तो अर्थ आहे. तो आधी कोणाचा शब्द होता, हे सांगायला तासात वेळ नसायचा.

दुसरी गोष्ट अलीकडची. माझी नात तीन वर्षांची असताना तिकडच्या बालवाडीतल्या बाईंनी माझ्या सुनेला बोलावून सांगितलं, की मुलगी बोलायला उशीर करते आहे, घरी इंग्रजीच बोला. अगदी माझंच वाक्य. हल्लीचे जाणकार याच्या उलट सांगतात, पण मुलाने-सुनेने तेव्हा ऐकलं. नात आता बारा वर्षांची आहे. मराठी समजतं तिला, उत्तर इंग्रजीत देते. वाचता येत नाही. म्हणजे हे जे मी इथे लिहिते, ते तिच्यासाठी दादांच्या वडिलांची वही.

तिला काय म्हणू? माझ्या आजोबांची कागदपत्रं आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, सगळी मोडीत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, मग शाळांतून गेली. मी इतिहास घेऊन बीए झाले आणि मला मोडी येत नाही. तुर्कांनी १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन घेतली, त्यामुळे त्यांच्याही नातवंडांना आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. हे सगळीकडेच झालेलं आहे.

बार्बांनी कॉफी मागवली. छोट्या कपात, खाली गाळ. ही पूर्वी ग्रीसमध्येही 'तुर्की कॉफी' होती. १९७४ मध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं, त्यानंतर तिला 'ग्रीक कॉफी' म्हणायची रीत पडली. कॉफी तीच. बार्बा म्हणाले, "आजी मरेपर्यंत तिला नुसती कॉफी म्हणायची."

मग त्यांनी पोथीचं पुढे काय झालं ते सांगितलं. ते स्वतः १९६३ मध्ये 'पात्रिस' बोटीने मेलबर्नला आले, सतरा वर्षांचे. भिंतीवरचा फोटो तिचाच. दुसरं महायुद्ध, उपासमार, मग १९४९ पर्यंत चाललेली यादवी, यांनी ग्रीस पार खंगला होता, आणि ऑस्ट्रेलियाला कामाला माणसं हवी होती. १९५२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि लाखांच्या संख्येने ग्रीक इकडे आले. (आपल्याला तेव्हा दार बंद होतं. गोऱ्यांपुरतं ऑस्ट्रेलिया हे धोरण १९७३ मध्ये निकालात निघालं.) पुढे तुर्कांशीही करार झाला आणि १९६८ पासून तेही येऊ लागले. बार्बांच्या पहिल्या दुकानाशेजारी एका तुर्काची बेकरी होती. सुरुवातीची काही वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नसत. एके दिवशी बार्बा पोथी घेऊन बेकरीत गेले. त्या तुर्काला ग्रीक अक्षरं येत नव्हती. बार्बा मोठ्याने वाचत गेले, तो ऐकून अर्थ सांगत गेला. रोज दुपारी अर्धा तास. दोन महिन्यांत पोथी संपली. समासात आजीच्या हाताने लिहिलेलं होतं, तेही कळलं. काय होतं? मुलांच्या जन्मतारखा. त्यांत एक मुलगी अशी होती की जिच्याबद्दल घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. ती बोटीवर गेली होती.

आम्ही कोणी काही बोललो नाही. वहिनींनी पदराने डोळे पुसले.

बिलाच्या वेळी आपली नेहमीची ओढाताण झाली. मी देते, नाही आम्ही देतो. बार्बांनी दोलमाद्यांचे पैसे लावले नाहीत. म्हणाले, "भोजनमंडपाचे." असो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दादा बागेत भेटले ते मला शोधतच आले. मुलाच्या ओळखीने त्यांना विद्यापीठात शिकणारा एक तरुण मिळाला होता. सिंधमधल्या सक्करचा, म्हणजे शिकारपूरच्या शेजारचाच. मुसलमान. माझ्या जुन्या धड्यातला 'यवन' म्हणा. तो रविवारी घरी आला, दादांच्या सुनेने सिंधी कढी केली, आणि जेवणानंतर त्याने फोनवरची पानं एकेक करून मोठ्याने वाचली. दादांना सगळं कळलं.

मी विचारलं, काय निघालं?

बरंचसं हिशेबाचं होतं. कापडाच्या दुकानाची येणी-देणी. शेवटच्या दोन पानांवर यादी होती, शेजारच्या घरी ठेवायला दिलेल्या वस्तूंची. पितळी परात एक, तांब्याचे हंडे तीन, शिवणाचं यंत्र, पाळणा. खाली तारीख आणि एवढंच, की परत आल्यावर मोजून घेणे. परत येणार अशी त्यांची खात्री होती. दादा म्हणाले, "पाळणा माझाच असणार." तो तरुण यादी वाचून झाल्यावर बराच वेळ मान खाली घालून बसला, आणि जाताना दादांच्या पाया पडला.

भारतात परतायच्या आधी आम्ही सगळे पुन्हा एकदा ओकलीला गेलो. या वेळी तो सक्करचा मुलगाही होता आणि माझी नातही. बार्बांनी दोन टेबलं जोडून दिली. नातीला मी दोलमादे खायला लावले आणि खोटारड्या नावाची गोष्ट सांगितली, मराठीत. तिला हसू आलं. उत्तर इंग्रजीत दिलं. मी काही म्हटलं नाही.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. ठाण्याला मोडीच्या वर्गात नाव घातलं. माझ्या वर्गात बहुतेक जण माझ्या निम्म्या वयाचे आहेत आणि माझ्यापेक्षा लवकर शिकतात. आणि दर रविवारी नातीला फोन करून माझे जुने लेख वाचून दाखवते, एका वेळी एक. कळलं नाही तर ती मध्येच थांबवते. या रविवारी हा वाचायचा आहे.

तो सिंधी मुलगा आता पन्नाशीच्या पुढे असेल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल आणि त्याचा ठावठिकाणा ठाऊक असेल, तर त्याला सांगा, बाईंनी चौकशी केली आहे. आणि त्याच्या आई असतील तर त्यांनाही.